तळटीप

मे महिना, सकाळचे सहा.
कळंबा तलाव कात्यायनीच्या डोंगराकडं तोंड करून पडलेला,
आणि मी नावेत, मांडीवर वही,
पाणीपुरवठा विभागाची कनिष्ठ अभियंता.
पगार वेळेवर. जीवरक्षक जाकिटाची मात्र
मागणी पाठवली आहे.

वल्ह्यावर सिदबा भोई.
दर वीस मीटरला दोर सोडतो, गाठी चाचपतो,
ओरडतो, "पुरुषभर आनि हातभर!"
कुणाच्या उंचीचा पुरुष, सिदबा?
"माज्या आज्ज्याच्या. उंच व्हता त्यो."
मी टेप लावते. लिहिते: दोन पूर्णांक दोन.
आजोबा बरोबर निघतात.

या काठापासून त्या काठापर्यंत
शून्य, एक दोन, दोन नऊ, चार चार,
चार एक, दोन दोन, शून्य.
सात आकडे.
तळ सलग आहे, आकडे सुटे आहेत,
आणि मधल्या वीस-वीस मीटरच्या अंधारात
काय आहे ते मला गृहीत धरायचंय,
हे मी कुणाला बोलून दाखवत नाही.

पॉलिटेक्निकला हणबर सर म्हणायचे,
अंतर कमी करा, अजून कमी करा,
शून्याच्या जवळ न्या, पण शून्याला शिवू नका,
सोवळ्यातल्या माणसासारखं.
सर, शून्याच्या जवळ जायला
नाव दुपारी दोनपर्यंतच मिळते.
दोर भिजून तीन बोटं वाढलाय.
वारा सुटला की वीस मीटर बावीस होतात,
आणि सीमेकडं जाणाऱ्या डेल्टाला
उन्हाची तिरीप लागते.

समलंब चौकोनांनी जोडलं तर दोनशे शहाण्णव चौरस मीटर.
सरळ रेघा, कंजूष हिशोब.
मग सिंप्सन: पहिला एकदा, मग
चौपट, दुप्पट, चौपट, दुप्पट, चौपट,
शेवटचा एकदा.
शाळेतल्या लेझमीचे हात आठवतात,
मी पुटपुटते, सिदबाला वाटतं जप चाललाय,
तो वल्हं हळू मारतो.
तीनशे एक पूर्णांक तीन, तीन, तीन, तीन...
पाच चौरस मीटर पाणी
नुसत्या वक्ररेषेनं वाढलं.
तहान कुणाचीही भागली नाही त्यानं.

असे अकरा छेद. अकरा छेदांची पुन्हा बेरीज.
गाळ वजा, बाष्पीभवन वजा,
रोजचा उपसा भागाकारात.
उत्तर: बेचाळीस दिवस.

"बेंदूर धरंल," सिदबा म्हणतो, वहीकडं न बघता.
"म्होरं न्हाई."
मी पंचांग काढते मोबाइलवर.
चार दिवसांचा फरक.
माझ्या पद्धतीला दोषाची मर्यादा काढता येते,
तळाचा चौथा विकलज माहीत असेल तर.
सिदबाच्या पद्धतीला नाव नाही.

परतताना पाचव्या छेदाशी त्यानं नाव थांबवली.
चार चार आणि चार एक यांच्या बरोब्बर मध्ये.
"बाई, हितं हीर हाय.
तलाव व्हायच्या आदी पवारांचा मळा व्हता म्हनं.
दोर सोडा."
दोर गेला. गेला. गाठी संपल्या,
त्यानं डोक्याचा पटका सोडून जोडला,
तरी शिसं टेकलं नाही.

सिंप्सनला पॅराबोला माहीत आहे.
गुळगुळीत, पोट धरून वाकलेला.
एवढ्याशा तोंडाची, सरळ खाली उतरणारी
दगडी पायऱ्यांची हट्टी खोली
कुठल्या दोन बिंदूंमध्ये बसवू?

ऑफिसात जाधवसाहेब म्हणाले,
विहिरीचं पाणी किती असणार? सोडा.
खरंच. टक्क्याच्या शतांशाहून कमी.
गणितानं ते मान्य आहे, मलाही.
मी बेचाळीसवर सही केली,
आणि पान संपता संपता, बारीक अक्षरात:
पाचव्या छेदात, पश्चिम काठापासून एकाहत्तर मीटरवर,
एक विहीर. खोली मोजलेली नाही.

टायपिस्ट शिंगटे मॅडमनी विचारलं,
हे कशाला?
मी म्हटलं, राहू दे.
त्या पटक्याचे तीन रुपये
सिदबा अजून माझ्याकडं मागतोय,
म्हणतो, धुवून बी गाळ जाईना.